‘आर्पीएम एष्ट ऐती?’

बेळगावात इंजिनिअरिंगच्या मुलांची वाण नाही आणि उद्यमबागेत लेथची वाण नाही. या दोन गोष्टी एका जागी आल्या की काय होते, ते पाहायचे असेल तर परीक्षा संपल्यावर एखाद्या संध्याकाळी खानापूर रोडला चक्कर मारावी. कुठल्या तरी शेडचे शटर अर्धे वर असते. आत पाइप वेल्ड करून केलेला, जमिनीपासून जेमतेम दोन-तीन इंच उंचीचा चारचाकी सांगाडा असतो आणि भोवती सहा-सात मुलेमुली, हातांना ग्रीस. हीच ती गो-कार्ट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी ती बांधायची हौस आता बेळगाव, हुबळी, कोल्हापूर अशा सगळ्या पट्ट्यात पसरली आहे. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक झाल्यापासून तर आपल्याकडच्या मुलांना हा खेळ परका राहिलेला नाही.

माझी शेड लहान आहे, पण एक लेथ, एक ड्रिल आणि एक वेल्डिंग मशीन आहे. शिवाय भाचीच्या टीमला हक्काचा मामा आहे. त्यामुळे यंदा तिची कार्ट माझ्याकडेच उभी राहिली. टीममध्ये एक गोकाकचा, दोघे हुबळीचे, एक निपाणीचा, बाकी बेळगावचे. भाषेची अडचण कधी आली नाही. मामा आणि काका हे दोन्ही शब्द आपल्या भागात मराठीतही चालतात आणि कन्नडमध्येही. आणि स्पॅनर कुठल्याही भाषेत स्पॅनरच.

सगळ्यांच्या आईवडिलांनी वर्गणी काढून दिली होती. इंजिन, टायर, ब्रेक, स्टीअरिंग घेऊन झाल्यावर थोडे पैसे उरले. आता त्यांत काय घ्यायचे? मुलांच्या मनात रेसिंगचा एअर फिल्टर आणि कार्बोरेटरचे मोठे जेट. मी म्हटले, आधी आरपीएम मीटर, म्हणजे टॅकोमीटर घ्या. मुलांचे चेहरे पडले. पण घरात गो-कार्टचे वेड शिरलेल्या पालकांनीही हे समजून घ्यावे असे मला वाटते. म्हणून हा लेख.

फेरे मोजायचे कशाला?

कार्ट या प्रकाराला फार वर्षे झालेली नाहीत. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या, रेसच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचे छोटे इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवले, तिथून हा खेळ सुरू झाला. म्हणजे कार्टचे इंजिन मुळात दुसऱ्याच कामासाठी केलेले होते. आपल्या मुलांच्या कार्टमध्ये आजही बहुधा तसेच असते. भाचीच्या टीमने घेतलेले होंडाचे जीएक्स १६० हे इंजिन पंप, जनरेटर, फवारणीयंत्र यांसाठी जगभर वापरले जाते. १६३ सीसी, चार-स्ट्रोक, एक सिलिंडर, ताकद पावणेपाच हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि तीही ३,६०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना.

पंपावर बसलेले इंजिन एका ठरावीक वेगाने तासन् तास चालते. कार्टमध्ये तेच इंजिन दर वळणाला खाली येते आणि दर सरळ पट्ट्यात वर जाते. ते नेमके किती खाली येते आणि किती वर जाते, हे कानाने कळत नाही. चाळीस वर्षे यंत्रांत काढलेला फिटर अंदाज सांगेल, पण कार्टवर डोक्यात हेल्मेट घालून बसलेल्या वीस वर्षांच्या मुलीला सगळा आवाज सारखाच वाटणार. तिला आकडा दिसायला हवा.

बाजारात काय मिळते?

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर. त्याची एक बारीक वायर प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरभोवती चार-पाच वेढे घालून बांधायची. दर ठिणगीला जाड वायरीतून जो झटका जातो, तो त्या वेढ्यांना जाणवतो आणि मीटर ते झटके मोजतो. दुसरी वायर इंजिनाच्या बॉडीला. सेल आतच असतो, बाहेरची बॅटरी लागत नाही. दोरी ओढून चालू करायच्या इंजिनाला हा फार सोयीचा. हजार-पंधराशे रुपयांत काम होते, शिवाय इंजिन एकूण किती तास चालले तेही तो दाखवतो.

दुसरा प्रकार काट्याचा, गाडीच्या डॅशबोर्डवरचा. दिसायला रुबाबदार. पण त्याला बारा व्होल्टची बॅटरी लागते आणि तो बहुधा चार सिलिंडरच्या इंजिनासाठी, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याला दोन ठिणग्या धरून केलेला असतो. भंगार बाजारातून असा मीटर आणून किल स्विचच्या वायरला जोडायचा मोह मुलांना होतो. तो टाळावा. मॅग्नेटवरच्या कॉइलची ती वायर किरकोळ दिसली तरी तिच्यात शेकडो व्होल्टचे झटके येतात. बारा व्होल्टचा मीटर ते सोसत नाही, आणि जोडणीत वायर कुठे बॉडीला टेकली तर इंजिनच बंद पडते.

तिसरा प्रकार मुले स्वतः करतात: शाफ्टवर चुंबक, शेजारी हॉल सेन्सर आणि छोटे सर्किट. शिकायला उत्तम. पण कार्टच्या थरथरीत सोल्डर टिकवणे हे वेगळेच काम आहे. वेळ असेल तरच त्या वाटेला जावे.

निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, मीटर कुठपर्यंत मोजतो. आपल्या चार-स्ट्रोकला ९,९९९ पर्यंतचा पुष्कळ झाला. पण रोटॅक्ससारखे रेसचे टू-स्ट्रोक इंजिन चौदा हजारांपर्यंत फिरते, तिथे चार आकडी मीटर कुचकामी. दुसरी, आकडा किती लवकर बदलतो. काही मीटर अर्ध्या सेकंदात बदलतात, काही दोन सेकंद घेतात. जनरेटरला दोन सेकंद चालतील. कार्ट तेवढ्यात वळण संपवते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, एका फेऱ्याला किती ठिणग्या धरायच्या, ते मीटरमध्ये आपल्याला ठरवता येते की नाही.

ठिणग्यांचा हिशेब

मीटर फेरे मोजत नाही, ठिणग्या मोजतो. मग आपण सांगितलेल्या हिशेबाने त्यांचे फेरे करतो. हिशेब चुकीचा सांगितला तर तो चुकीचा आकडा तितक्याच ठामपणे दाखवतो.

शाळेत आपण शिकलो की चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. म्हणून दोन फेऱ्यांना एक ठिणगी, असे कुणालाही वाटेल. जुन्या बुलेटमध्ये ते खरेही होते, कारण तिचे पॉइंट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरणाऱ्या शाफ्टवर असत. पण जीएक्स १६० सारख्या इंजिनात चुंबक थेट फ्लायव्हीलमध्ये बसवलेले असते आणि फ्लायव्हील क्रँकवर. चुंबक कॉइलसमोरून दर फेऱ्याला जाते, म्हणून ठिणगीही दर फेऱ्याला पडते. त्यांतली एक कामाची. दुसरी एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना पडते आणि वाया जाते. वाया गेली तरी मीटर ती मोजतोच. आपल्याकडच्या क्रँकवर पिकअप असलेल्या बऱ्याच एक-सिलिंडर मोटरसायकलींतही हाच प्रकार असतो.

गोकाकच्या मुलाने मीटर बसवला. मेनूत ‘चार-स्ट्रोक, एक सिलिंडर’ असा पर्याय होता, तो त्याने निवडला. इंजिन चालू केले, थ्रॉटल पूर्ण ओढला, आणि आकडा आला ७,५८०.

शेडमध्ये एकच जल्लोष झाला. हुबळीच्या एकाने लगेच निष्कर्ष काढला, “बघा काका, साडेसात हजारला इंजिनला काही झालं नाही. आता गव्हर्नर काढला तरी काही होत नाही.”

मला काळजी वाटली ती याच वाक्याची. आकडा नुसता चुकला असता तर हसून सोडून दिले असते. पण त्या आकड्याच्या भरवशावर पुढचा निर्णय होऊ घातला होता.

दुसरा साक्षीदार

यंत्राच्या बाबतीत एकाच साक्षीवर निकाल देऊ नये. शेजारच्या शेडमधून लेझरचा आरपीएम मीटर मागून आणला. हा ठिणग्यांशी संबंध ठेवत नाही. फिरत्या भागावर चमकदार पट्टीचा तुकडा चिकटवायचा, लेझर तिच्यावर धरायचा. पट्टी जितक्या वेळा समोरून गेली तितके फेरे. आम्ही आधी चेन काढून ठेवली, म्हणजे चाके फिरण्याचा प्रश्न उरला नाही. मुलींनी केस बांधले, ओढण्या बाजूला ठेवल्या. पट्टी क्रँकच्या टोकाच्या बोल्टवरच्या वायसरला चिकटवली. क्लचच्या ड्रमवर ती चिकटवून चालत नाही, कारण क्लच पकडेपर्यंत ड्रम क्रँकबरोबर फिरत नाही.

थ्रॉटल पूर्ण. लेझरवर ३,७९०. मीटरवर ७,५८०. बरोबर दुप्पट.

लेझर नसेल तर आणखी एक जुनी युक्ती आहे. माझ्या शेडमध्ये चोकवाली एक ट्यूबलाइट अजून आहे. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. शाफ्टच्या टोकावर खडूने एकच रेघ मारली आणि शाफ्ट बरोबर ३,००० आरपीएमला फिरू लागला, तर त्या उजेडात समोरासमोर दोन रेघा स्थिर उभ्या दिसतात. १,५०० ला चार दिसतात. थ्रॉटल जमवून मीटरवर ३,००० आणले, तर रेघा चार दिसल्या. म्हणजे खरा वेग १,५००. (याच कारणाने जुने कारागीर लेथजवळ साधा बल्ब लावतात. अशा ट्यूबच्या उजेडात फिरता चक थांबल्यासारखा दिसतो आणि हात जातो.)

गोकाकचा मुलगा खट्टू झाला. “फोर-स्ट्रोक अंत बरदित्तरी, अदक्क अदन हाकेनि,” म्हणाला. त्याचे काही चुकले नव्हते. पर्यायाचे नावच फसवे होते. आम्ही ‘एक फेरा, एक ठिणगी’ हा पर्याय निवडला आणि दोन्ही मीटर एका आकड्यावर आले.

इथे आकडा दुप्पट आला ते निदान लगेच खटकले. उलटे झाले तर अधिक धोका. चार सिलिंडरचा काट्याचा मीटर याच इंजिनाला लावला तर तो निम्माच दाखवील. इंजिन सहा हजारांवर किंचाळत असेल आणि काटा तीन हजारांवर शांत उभा असेल.

बसवताना

काम अर्ध्या तासाचे, पण घाईचे नाही. वेढे चार-पाचच घालावेत. आकडा उड्या मारू लागला तर एखादा वेढा कमी करावा, मधूनच गायब होऊ लागला तर वाढवावा. वेढ्यांवर केबल टाय घट्ट बसवावा. बॉडीची वायर ज्या बोल्टखाली द्यायची, तिथला रंग खरवडून धातू उघडा करावा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. प्लग ‘आर’ अक्षराचा, म्हणजे रेझिस्टरवाला असावा. साध्या प्लगने मीटरला भलताच आवाज ऐकू येतो.

वायर सायलेन्सरपासून आणि चेनपासून दूर, सांगाड्याच्या पाइपला लगटून पुढे आणावी. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे, वायर कुठे ताणत किंवा अडकत तर नाही ना. ब्रेकच्या पेडलजवळ लोंबती वायर अजिबात नको. मीटर स्टीअरिंगच्या मधोमध आकर्षक दिसतो, पण हात फिरला की आकडाही फिरतो. आम्ही तो स्टीअरिंगच्या पुढे, पट्टीवर, खाली रबराचे वायसर देऊन बसवला आणि उन्हात चमकू नये म्हणून वर पत्र्याची छोटी पाखी केली.

आकडा काय सांगतो?

पहिल्याच दिवशी मीटरने एक दुखणे दाखवले. अरुंद वळणांवर कार्ट मरगळल्यासारखी होई आणि क्लचचा जळका वास येई. मुलांचा संशय कार्बोरेटरवर. भाचीने मीटर पाहून सांगितले, वळणात आकडा १,९०० च्या आसपास येतो.

आमचा सेंट्रिफ्युगल क्लच पूर्ण पकडायला २,००० च्या वर वेग लागतो. त्याखाली तो घसरत राहतो, तापतो. आता हिशेब मांडा. पुढचे स्प्रॉकेट १२ दात्यांचे, मागचे ६० चे, म्हणजे गुणोत्तर ५. मागचा टायर ११ इंची, परीघ साधारण ८८ सेंटिमीटर. वळणात ताशी २० किलोमीटर वेग असेल तर एक्सल मिनिटाला ३८० फेरे घेतो आणि इंजिन १,९०० च्या आसपास. मीटर बोलला ते बरोबर.

मागे ७२ दात्यांचे स्प्रॉकेट लावले की गुणोत्तर ६ होते. त्याच वळणात इंजिन २,२८० ला राहते, क्लच पकडलेला. किंमत मोजावी लागते ती सरळ पट्ट्यावर: ३,६०० आरपीएमला आधी ताशी ३८ मिळत होते, आता ३१-३२. पण स्पर्धेचा ट्रॅक वळणावळणाचा होता, म्हणून मुलांनी ७२ निवडले. नवा जेट नाही, नवा फिल्टर नाही. फक्त एक आकडा आणि एक भागाकार.

गव्हर्नर राहिला

गव्हर्नरचा वाद मात्र दोन संध्याकाळ चालला. गव्हर्नर म्हणजे इंजिनाला ठरावीक वेगापलीकडे न जाऊ देणारी योजना. आमच्या इंजिनाची भाररहित मर्यादा ३,८५० च्या आसपास ठरवलेली असते. तो काढला की इंजिन पाच हजारांपलीकडे जाते, हे मुलांनी ऐकले होते आणि ते खरे आहे. “ही रेस आहे काका, वरात नाही,” निपाणीकर म्हणाला.

मी वहीत एकच गोष्ट लिहून दाखवली. फिरत्या वस्तूवर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३,६०० चे ५,४०० केले, म्हणजे वेग दीडपट, तर जोर सव्वादोन पट. ७,२०० केले तर चौपट. या इंजिनातला कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आणि फ्लायव्हील ओतीव लोखंडाचे. दोन्ही पंपाच्या वेगासाठी केलेले. ज्यांना वेग वाढवायचाच असतो ते आधी भक्कम रॉड आणि एकसंध स्टील किंवा ॲल्युमिनियममधून कापलेले फ्लायव्हील बसवतात, मग गव्हर्नरला हात लावतात. मुलांपाशी तेवढे पैसे नव्हते. आणि कार्टमध्ये हे इंजिन असते कुठे? चालवणाऱ्याच्या उजव्या कोपरापासून वीतभर अंतरावर. चालवणार माझी भाची.

‘साडेसात हजारला काही झाले नाही’ हा आधार तर मीटरने आधीच काढून घेतला होता. त्या इंजिनाने आयुष्यात चार हजार पाहिलेले नव्हते. मुलांनी आपसांत मत घेतले. गव्हर्नर राहिला.

भाचीची अज्जी, म्हणजे तिच्या वडिलांची आई, मूळची धारवाडकडची. नातीच्या तोंडून रोज ऐकून तिला तो शब्द पाठ झाला. रात्री जेवताना विचारायची, “आर्पीएम एष्ट ऐती?” भाची सांगायची, “मूर साविरद एंटनूर, अज्जी.” आकडा कालचाच आहे हे कळले की अज्जी पुढचा घास घ्यायची. निघताना मात्र न चुकता, “निधान होगव्वा.”

स्पर्धेत कार्टने लांब पल्ल्याची फेरी न थांबता पूर्ण केली. क्रमांक मधला आला. मीटरने लक्षात ठेवलेला दिवसभरातला सर्वोच्च आकडा होता ३,८६०. तो मुलांनी शेडमधल्या वहीत लिहिला आहे. वहीचे रकाने कुणी कन्नडमध्ये आखलेत, कुणी मराठीत.

पालकांसाठी थोडक्यात

• इंजिनाची ताकद वाढवणारे सुटे भाग घेण्याआधी आरपीएम मीटर घ्यायला लावा.

• मीटर बसवल्यावर पहिला प्रश्न: एका फेऱ्याला किती ठिणग्या? उत्तर इंजिनाच्या रचनेवरून ठरवा, मेनूतल्या नावावरून नव्हे.

• लेझरने किंवा चोकवाल्या ट्यूबच्या उजेडात एकदा ताळा घ्या. ताळा घेताना चेन काढलेली असावी.

• मीटरमधले तास बघून तेल बदला. जीएक्स १६० ला पहिले तेल २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी बदलायचे असते. कार्टमध्ये इंजिनाला विसावा नसतो, म्हणून त्याआधीच बदललेले बरे.

• बऱ्याच मीटरांत सेल कायमचा बंद केलेला असतो. आकडा फिका पडू लागला की स्पर्धेची वाट न पाहता मीटर बदला.

• गव्हर्नर काढायची भाषा सुरू झाली की शेडमध्ये एक चक्कर टाका. रॉड आणि फ्लायव्हील बदलले का, एवढेच विचारा.